स्मार्ट वजनकाटा : किलोला पक्का, बाकी अंदाजपंचे

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं जेन्ट्स टेलरिंगचं दुकान आहे. लेकीनं ऑनलाइन मागवलेला हा काचेचा काटा घरी न राहता दुकानातच मुक्कामाला आला, कारण ट्रायल रूमबाहेरची फरशी सपाट आहे आणि थांबलेल्या गिऱ्हाइकाला काहीतरी उद्योग लागतो. किंमत 2,000 रुपयांच्या आत. काचेवर चार धातूच्या पट्ट्या, खाली सेल, बाकी सगळा कारभार मोबाइलच्या ॲपवर.

वजनाला काटा चोख आहे, ते आधी सांगतो. 25 किलोचं तांदळाचं सीलबंद पोतं खांद्यावर घेऊन उभा राहिलो, मग पोतं खाली ठेवून उभा राहिलो. फरक 25 किलो आणि वर शंभरेक ग्रॅम. ते पोत्याचं.

गंमत पुढं आहे. हे ॲप अंगातली चरबी, स्नायू, पाणी, हाडं, पोटातली चरबी आणि वर 'शरीराचं वय'सुद्धा सांगतं. माझं वय त्यानं असं काही सांगितलं की बायको दिवसभर हसत होती. काटा एका पायातून अगदी बारीक करंट सोडतो आणि दुसऱ्या पायातून परत घेतो. पाण्यातून, स्नायूंतून करंट सहज जातो, चरबीत अडतो. त्यात तुम्ही भरलेली उंची आणि वय घालून ॲप गणित मांडतं. आता करंट एका पायानं चढून दुसऱ्यानं उतरणार असेल तर पोट त्याला भेटलं कुठं? तरी पोटातल्या चरबीचा आकडा छातीठोकपणे लिहिलेला! सकाळी तहानलेला असताना चरबी एक टक्केवारी, तांब्याभर पाणी पिऊन थोड्या वेळानं दुसरी. मोजे काढले नाहीत तर काहीच नाही.

आणि बीएमआय, म्हणजे बॉडी मास इंडेक्स, उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, एवढंच. हे गणित 1830च्या दशकात केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं मांडलं. तो सरासरी माणूस कसा असतो ते शोधत होता, आजारी कोण ते नव्हे. बीएमआय हे नाव तर 1972 साली ॲन्सेल कीज या अमेरिकन संशोधकानं दिलं.

जवळच्या तालमीतला एक पैलवान लग्नाचा सूट शिवायला आला. उंची 175 सेंटिमीटर, वजन 92 किलो. बीएमआय 30, ॲपवर लाल अक्षरात 'लठ्ठ'. मी टेप लावला तर छाती 45 इंच, पोट 34. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन वाढलेलं पोरगं, बिचारं तोंड पाडून बसलं. त्याच आठवड्यात एक क्लार्क आले. 168 सेंटिमीटर, 64 किलो, बीएमआय 22.7, ॲपवर हिरवी खूण. साहेब खूश. पण त्यांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, आणि पोट 37 इंच.

त्यांची पँट मात्र अजून 32 चीच! ही गोष्ट आम्हा शिंप्यांनाच ठाऊक. पोट सुटत गेलं की माणूस पट्टा खाली सरकवतो, पोट वरून बाहेर येतं आणि 'माझी कंबर कॉलेजपासून तीच' म्हणून गावभर सांगतो. पँटची कंबर म्हणजे पोट नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायचा, श्वास नेहमीसारखा सोडायचा आणि पोट आत ओढायचं नाही. आपल्याकडं पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80 ही धोक्याची रेघ धरतात. इंचात साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचाही बीएमआय 22.3. चरबी यडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. तेवढ्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी जास्त असते, म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ 25 वर नाही, 23 वर धरावी असं आपल्या तज्ज्ञांनी 2009 मध्ये ठरवलं. या ॲपमध्ये ती अजून 25 वरच आहे आणि सेटिंगमध्ये बदलताही येत नाही. याचा अर्धा स्टार इथंच कापला.

काटा आल्यापासून दुकानात वादाला तोटा नाही. 'वजनाचा नि तब्येतीचा काही संबंध नाही, अमेरिकेत सिद्ध झालंय' म्हणणारं एक गिऱ्हाईक रोज येतं, शिवायला काही टाकत नाही. ते सांगतात ते अर्धं खरं. 2013 साली कॅथरीन फ्लेगल या अमेरिकन संशोधक बाईंनी 97 अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा बीएमआय 25 ते 30 असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण 'नॉर्मल' गटापेक्षा 6 टक्के कमी निघालं. पण त्याच कामात 35 आणि त्यापुढच्यांत ते 29 टक्के जास्त होतं, ते हे गृहस्थ सांगत नाहीत. शिवाय आजारानं खंगलेली आणि बिडी-सिगरेट ओढणारी माणसंही बारीकच असतात, त्यामुळं बारीक गटाचा आकडा वाईट दिसतो, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. आणि माझ्या दुकानाच्या चार पायऱ्या चढताना गुडघे धरणाऱ्याला 'वजनाचा संबंध नाही' कुणी सांगून बघावं.

जानेवारी 2025 मध्ये 'लॅन्सेट'च्याच तज्ज्ञगटानं एकट्या बीएमआयवर लठ्ठपणा ठरवू नका, पोटाचा घेर मोजा किंवा चरबी थेट तपासा, आणि वजनामुळं शरीराचं काही बिघडलंय का तेही बघा, असं सांगितलं. काटा बनवणाऱ्यांपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही.

वजनासाठी साडेचार स्टार. ॲपसाठी दीड, तोही जुने आकडे जपून ठेवतं म्हणून. घेणार असाल तर दर वेळी एकाच वेळेला, अनवाणी आणि उपाशीपोटी उभे राहा, आणि एका दिवसाचा आकडा न बघता महिन्याची चढउतार बघा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर करंट सोडणारा हा काटा आणूच नका, साधा काटा घ्या. तो स्वस्तही पडतो आणि कुणाचं वय काढत नाही.