तळणीचं तेल थेट टाकीत, की आधी त्याचं बायोडिझेल?

डिझेल गाडी तळणीच्या तेलावर चालवायचे दोन मार्ग आहेत: तेल थेट वापरायचं, किंवा मिथेनॉलशी रासायनिक क्रिया करून त्याचं पातळ इंधन, म्हणजे बायोडिझेल, बनवायचं. दोन्ही मार्गांची मूळ अडचण एकच आहे, तेलाचा दाटपणा. ४० अंश सेल्सिअसला डिझेलची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) साधारण २ ते ४.५ सेंटिस्टोक असते, वनस्पती तेलाची ३० ते ४०. एवढं दाट तेल इंजेक्टरच्या बारीक भोकांतून नीट फवारलं जात नाही. थेंब मोठे पडतात आणि अर्धवट जळतात. मग नॉझलच्या टोकावर कार्बन चढतो आणि पिस्टन रिंगा आपापल्या खाचेत चिकटतात. तेल थेट वापरायचं तर गाडीत बदल करून ते गरम, पातळ करावं लागतं. बायोडिझेल केलं तर गाडी जवळपास तशीच राहते, पण सगळी मेहनत तेलावर घ्यावी लागते.

आवडनिवड नंतर, आधी बॉनेट उघडून इंधनाचा पंप बघा. प्री-चेंबरवाली, म्हणजे इंधन आधी छोट्या कप्प्यात फवारणारी, जुनी इनडायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं तेल सर्वांत चांगलं पचवतात. पंप इनलाइन किंवा बॉश व्हीई जातीचा असेल तर उत्तम. लुकास-सीएव्हीच्या रोटरी पंपात मात्र थंड, दाट तेलाचा ताण थेट रोटरवर येतो. तो जाम होतो, नाहीतर शाफ्ट तुटतो. असा पंप असेल तर थेट तेलाचा विचार सोडा आणि बायोडिझेलकडे वळा. कॉमन रेल, म्हणजे एका सामायिक नळीतून फार जास्त दाबाने इंधन पुरवणाऱ्या, इंजिनात थेट तेल नकोच. त्यातून डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर घरचं बायोडिझेलही नको. डीपीएफमधली काजळी जाळण्यासाठी अनेक गाड्या सिलिंडरमध्ये उशिरा जादा इंधन फवारतात. बायोडिझेलची वाफ सहज होत नाही, ते रिंगांमागून खाली उतरतं आणि इंजिन ऑईल पातळ करतं. युरोपच्या ईएन ५९० मानकात डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंतच बायोडिझेलला मुभा आहे.

थेट तेल

यात दोन टाक्या लागतात. इंजिन डिझेलवर सुरू करायचं, गरम कूलंट हीट एक्स्चेंजरमधून फिरवून तेल ७०-८० अंशांवर न्यायचं आणि मगच व्हॉल्व्ह तेलाकडे वळवायचा. थर्मामीटर टाकीत नको, पंपाच्या अगदी आधी बसवा, कारण मधल्या नळीत तेल बरंच निवतं. गाडी बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर येऊन पंप आणि इंजेक्टर धुऊन घ्यायचे, साधारण अर्धा ते एक मिनिट. इथे रिटर्न लाईनकडे दुर्लक्ष होतं. धुताना परत येणारं तेल डिझेलच्या टाकीत गेलं तर ती टाकी हळूहळू तेलाची होते आणि एका थंड सकाळी गाडी सुरूच होत नाही. म्हणून तेवढा वेळ रिटर्न तेलाच्या टाकीकडे राहील अशी जोडणी हवी.

गरम तेलाच्या वाटेत तांबं-पितळ नको. त्याच्या संगतीत तेल लवकर चिकट होतं. वापरलेलं तेल आठवडाभर निवळू द्या, वरचं उपसून घ्या, ५ मायक्रॉनपर्यंत गाळा. पाणी तपासायला गरम तव्यावर थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे. इंजिन ऑईल निम्म्या अंतरावर बदला. रिंगांमागून उतरलेलं तेल त्यात साठून घट्ट होतं आणि शेवटी जेलीसारखा गाळ ऑईलच्या वाटा बंद करतो. जवस तेलासारखं हवेत सुकून घट्ट होणारं तेल तर मुळीच नको.

तेलात पेट्रोल किंवा रॉकेल मिसळून एकाच टाकीवर चालवायची युक्ती बरेचजण सुचवतात. गाडी चालते, हे खरं. पण नॉझलवर कार्बन चढायचा थांबत नाही.

घरचं बायोडिझेल

२० लिटर वापरलेल्या तेलाला ४ लिटर मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा. सोड्याचं प्रमाण टायट्रेशनने, म्हणजे तेलातलं आम्ल मोजून, ठरतं. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात १ ग्रॅम सोडा विरघळवा. १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १ मिली तेल आणि फिनॉल्फ्थॅलिनचे (रंग बदलून खूण देणारं रसायन) दोन थेंब घ्या. सोड्याचं पाणी थेंबाथेंबाने घालत जा. गुलाबी रंग १५ सेकंद टिकला की किती मिली लागलं ते बघा. २ मिली लागलं तर लिटरमागे ताज्या तेलाला लागणारे ३.५ ग्रॅम अधिक २, म्हणजे ५.५ ग्रॅम, आणि २० लिटरला ११० ग्रॅम. ५ मिलीच्या वर आकडा गेला तर ते तेल फार खवट आहे, त्यातून साबणच जास्त निघेल.

तेल आधी पूर्ण कोरडं हवं. सोडा मिथेनॉलमध्ये विरघळवून ते मिश्रण ५५ अंशांच्या तेलात घाला आणि बंद भांड्यात तासभर ढवळा. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, त्याच्यावर जाऊ नका. रात्रभर ठेवलं की ग्लिसरीन तळाशी बसतं. ते काढून बायोडिझेल दोन-तीनदा हलक्या हाताने पाण्याने धुवा, मग सुकवा. पहिल्याच धुण्यात जोरात ढवळलं तर दह्यासारखा थर बनतो आणि तो फुटता फुटत नाही.

खात्रीसाठी ३ मिली बायोडिझेल २७ मिली मिथेनॉलमध्ये मिसळा. तळाशी थेंब उरला तर तेल पुरतं बदललेलं नाही. ही चाचणी चुकवून टाकी भरण्यापेक्षा डिझेल विकत घेतलेलं बरं.

धोक्याचा भाग मिथेनॉल. ते विषारी आहे, त्वचेतून शिरतं आणि उजेडात त्याची ज्वाळा दिसत नाही. उघड्यावर काम करा. चष्मा, रबरी हातमोजे घाला, जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. ॲल्युमिनियमचं भांडंही नको, सोडा ते खातो.

गाडीत काय फरक पडतो

बायोडिझेल साध्या रबराच्या नळ्या फुगवून मऊ करतं, तिथे व्हिटॉन, म्हणजे इंधनाला टिकणारं रबर, हवं. ते जुन्या टाकीचा गाळही सोडवून फिल्टरमध्ये आणतं. सुरुवातीला एक जादा फिल्टर गाडीत ठेवा. लिटरमागे ऊर्जा डिझेलपेक्षा ८-९ टक्के कमी, म्हणून मायलेज थोडं घटतं. पाम तेलाचं बायोडिझेल १५ अंशांच्या आसपासच गढूळ होऊ लागतं. सहा महिन्यांहून जास्त साठवू नका.

रोजची फेरी १०-१५ मिनिटांची असेल तर दोन टाक्यांचा खर्च वाया जातो. तेल गरम होईपर्यंत मुक्काम येतो, गाडी बहुतेक वेळ डिझेलवरच चालते. लांबच्या फेऱ्या आणि जुनं इंजिन असेल तर मात्र थेट तेलाचा मार्ग सोपा. रसायनांच्या वाटेला जावं लागत नाही. दोन्ही जमत असेल तर मोठ्या टाकीत तेल आणि सुरू करण्याच्या छोट्या टाकीत बायोडिझेल, ही जोडणीही चांगली चालते. फक्त थंडीत त्या छोट्या टाकीत डिझेलच भरा.