तापणारा लॅपटॉप आणि ओरडणारा पंखा : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

“जुना झालाय ताई, आता नवीनच घ्या.” ठाण्यातल्या दोन दुकानांत मला हेच ऐकायला मिळालं, आणि दोन्हीकडे प्रोसेसर किती तापतोय हे कुणी बघितलंसुद्धा नव्हतं. तोच लॅपटॉप आज माझं सगळं काम ओढतोय. दुरुस्तीनंतर पहिल्या आठवड्यात कुठलाही लॅपटॉप छानच चालतो, म्हणून एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळा जाऊ दिला आणि मगच लिहायला बसले.

लॅपटॉप चौदा इंची, इंटेलच्या ११व्या पिढीचा आय-५ ११३५जी७, ८ जीबी रॅम, एसएसडी. काम छोट्या दुकानदारांच्या जीएसटीचं. महिन्याची ११ आणि २० तारीख आली की एक्सेल, टॅली, पोर्टल आणि व्हिडिओ कॉल सगळं एकाच वेळी उघडं असतं. घर घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या बाजूला. मेट्रो ४चं काम, टॉवरांची बांधकामं आणि खाडीकडून येणारी दमट हवा. त्यात माझं टेबल स्वयंपाकघराला लागून, म्हणजे फोडणीची वाफ रोजचीच. कोरडी धूळ झटकली की जाते, तेलाची वाफ लागलेली चिकटून बसते. हे सगळं सांगायचं कारण पुढे कळेल.

चार्जर लावून व्हिडिओ कॉल सुरू केला की थोड्याच वेळात पंखा सुसाट सुटायचा. कीबोर्डची वरची पट्टी हात ठेववणार नाही इतकी तापायची, आणि मग एका सेलवरून दुसऱ्या सेलवर जायलाही थांबावं लागायचं. पंखा एवढा फिरतोय तर लॅपटॉप गार का होत नाही?

कुठल्याही दुकानात जायच्या आधी टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूच्या (म्हणजे प्रोसेसरच्या) आलेखाखाली ‘स्पीड’चा आकडा बघा. टक्के सगळे बघतात, हा आकडा बघत नाहीत. माझ्याकडे कॉल चालू असताना तो १.२ गिगाहर्ट्झच्या आसपास रेंगाळत होता. या प्रोसेसरची कमाल ४.२ आहे. एचडब्ल्यूइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लावला, तर तापमान ९८ ते १०० अंश आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’समोर लाल अक्षरांत ‘यस’. या चिपची मर्यादा १०० अंशांची आहे. तिथे पोचली की ती स्वतःच वेग उतरवते. लॅपटॉप हळू चालत होता तो स्वतःला वाचवण्यासाठी. फॉरमॅट मारून यात तसूभर फरक पडला नसता, आणि दुकानांत पहिला सल्ला मात्र फॉरमॅटचाच मिळतो.

याच्या उलटही होतं. स्पीड व्यवस्थित, तापमान सत्तरच्या आत, तरी लॅपटॉप अडखळतोय आणि मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आहे, तर दुखणं रॅमचं आहे. पंखा साफ करून काही होणार नाही. माझ्याकडे दोन्ही दुखणी होती. ८ जीबीची आणखी एक पट्टी टाकली तेव्हा ब्राउझरच्या टॅब आणि टॅली सुखाने एकत्र चालायला लागल्या, पण तापणं जराही कमी झालं नाही. म्हणून ही दोन कामं वेगळी धरा, एकाचा खर्च करून दुसऱ्याची अपेक्षा ठेवू नका.

नौपाड्यात गोखले रोडच्या एका गल्लीत बसणारे दुरुस्तीवाले काका गिऱ्हाइकाला समोर बसवून लॅपटॉप उघडतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. “आधी बॅटरीची पिन काढायची ताई, मग बाकी सगळं,” म्हणाले. स्क्रू ज्या जागेवरून निघाले त्याच जागी कागदावर मांडले, कारण मागचे लांब आणि पुढचे आखूड असतात. लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर वरचं पॅनेल फुटतं. पंखा वरून स्वच्छच दिसत होता. मग त्यांनी पंख्याची झाकणपट्टी उचलली. पंखा आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) बारीक पट्ट्या यांच्या मधे धूळ आणि फोडणीच्या वाफेचा करड्या रंगाचा थर होता, जुन्या गोधडीतल्या कापसासारखा दाबून बसलेला. चिमट्याने धरला तर अख्खा एका तुकड्यात निघाला. बाहेरच्या जाळीतून टॉर्च मारून हा थर दिसत नाही, कारण तो आतल्या बाजूला साचतो. बाहेरून ब्लोअर मारला तर त्याला फार तर भोकं पडतात, थर तिथेच राहतो. वर हवेच्या झोतात पंखा त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. ब्लोअर मारायचाच असेल तर पातं काडीने अडवून धरा.

चिप आणि हीटसिंक यांच्या मधे उष्णता पुढे नेण्यासाठी लावलेली थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवीन साधी पेस्ट लावली, आणि त्याच कॉलला तापमान ८० अंशांवर आलं. स्पीड तीनच्या वर टिकायला लागला. सफाई आणि पेस्टचे मिळून ८०० रुपये झाले.

पण काही महिन्यांनी एचडब्ल्यूइन्फोमधला कमाल आकडा परत वर सरकायला लागला. या वेळी कारण धूळ नव्हतं. काकांनी सांगितलेलं कारण मला पटलं. लॅपटॉपमध्ये चिपवर धातूचं झाकण नसतं, हीटसिंक सरळ चिपवर बसतो. तापताना-निवताना दोन्ही किंचित हलतात आणि पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. उघडल्यावर तसंच दिसलं: मधे जवळजवळ काही नाही, कडेला चिकट कड.

या वेळी पेस्टऐवजी फेज चेंज शीट लावली, हनिवेलची पीटीएम ७९५०. साध्या तापमानाला ती घट्ट असते, साधारण ४५ अंशांच्या पुढे मऊ होऊन चिपच्या बारीक खाचाखोचांत शिरते आणि निवली की परत घट्ट होते. त्यामुळे ती पेस्टसारखी सहज कडेला पळत नाही. लावताना काकांनी ती थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली, म्हणजे वरची फिल्म न फाटता निघते. पहिल्या दिवशी आकडे पेस्टपेक्षा काही चांगले नव्हते आणि माझं तोंड उतरलं होतं. काही वेळा नीट तापून निवल्यावर ती बसली. त्यानंतर कॉलला ७८ ते ८० अंश, आणि एवढ्या महिन्यांनंतरही तेच आहे. या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात जास्त समाधान या शीटने दिलं. घेताना खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या, नकली शीट सर्रास विकल्या जातात.

मे महिन्यात आकडा ८६ पर्यंत गेला तेव्हा मी घाबरले नाही. जानेवारीत माझ्या खोलीत २६ अंश असतात, मेमध्ये दुपारी ३४. तेवढे आठ अंश आतही चढणारच. तुलना करायची तर खोलीचं तापमान सारखं असताना करा.

पावसाळ्यात पंख्याचा नवा आवाज सुरू झाला. वाऱ्याचा ‘सूं’ वेगळा आणि हा वेगळा: अगदी कमी वेगातही बारीक घरघर, लॅपटॉप तिरका केला की बदलणारी. हे बेअरिंगचं लक्षण. तेलाचा थेंब सोडून तात्पुरतं भागतं, पण मी पंखाच बदलला. १,१०० रुपये गेले. पंख्याच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर जुळवून घ्या. नुसत्या लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवलेल्या पंख्याची पिन जुळेलच असं नाही.

कूलिंग पॅडवर मी खूष नाही. दोन-तीन अंशांचा फरक आणि आणखी एक आवाज. मागच्या बाजूला दोन रबरी ठोकळे लावून लॅपटॉप उचलला तर जवळजवळ तेवढाच फायदा होतो, कारण हवा खालून आत जाते. गादीवर ठेवून वापरू नका, ती वाटच बंद होते. रात्री घरचे झोपलेले असताना मी पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करते. त्याने टर्बो (प्रोसेसरने गरजेप्रमाणे वेग आपोआप वाढवणं) बंद होतो, पंखा शांत राहतो आणि रिटर्न भरायला तेवढा वेग पुरतो. काही लॅपटॉपांत हा पर्याय दिसत नाही, तिथे कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शांत मोड असतो तो लावा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. टचपॅड अचानक घट्ट झाला, क्लिक होईना, किंवा खालचं झाकण टेबलावर डुगडुगायला लागलं, तर बॅटरी फुगली असेल. चार्जर लगेच काढा, वापरणं थांबवा, वर वजन ठेवून दाबू नका, टोचू तर अजिबात नका. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचा लॅपटॉप तसा झाला होता आणि त्या पुस्तकांचा गठ्ठा ठेवून झाकण बसवायच्या विचारात होत्या. उष्णता आणि सतत १०० टक्के चार्ज या दोन्हींनी बॅटरी लवकर थकते. दिवसभर चार्जर लावूनच काम असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. बऱ्याच कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये ती सोय आहे.

तक्रार एकच उरली आहे. मुलीच्या शाळेचे व्हिडिओ जोडून एक्सपोर्ट करायला लावले की पंखा अजूनही जोरात सुटतो आणि तापमान नव्वदीत जातं. एवढ्या पातळ लॅपटॉपात एकच पंखा आणि एकच उष्णतानळी, त्यापलीकडे शीट काही करू शकत नाही. ते काम मी एक्सपोर्ट लावून जेवायला बसते तेव्हा उरकून घेते.