इलेक्ट्रिक शॉवर: मशीन ठणठणीत, जोडणी जीवघेणी

साडेआठ किलोवॅटचा शॉवर काही महिने वापरून मग हे लिहितोय. मध्यंतरी या मशीनवरून माझं मन पार उडालं होतं. आता मशीनवरचा राग गेलाय, दुरुस्ती करणाऱ्यांवरचा मात्र तसाच आहे.

आधी चांगलं सांगतो. टाकी नाही, वाट बघणं नाही, पाणी तापवून ठेवायचा खर्च नाही. आठ मिनिटांची अंघोळ म्हणजे जेमतेम १.१ युनिट. धार गीझरसारखी जोरात पडेल ही अपेक्षा ठेवू नका. मिनिटाला ४ लिटर पाणी सोडलं तर ते साधारण ३० अंशांनी तापतं, ८ लिटर सोडलं तर फक्त १५ अंशांनी. त्यामुळे थंडीत धार बारीक ठेवावी लागते. मला ते चालतं, पाणीही वाचतं.

मग एकदा पाणी कोमट यायला लागलं आणि अधूनमधून एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) पडायला लागला. कारागीर आला, त्याने पाणी तापवणारी कॉइल गेल्याचं निदान केलं, नवी कॉइल बसवली, पैसे घेतले. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्याने तर कहर केला. ४० अँपिअरचा एमसीबी सारखा पडतो म्हणून त्याने सरळ ६३ चा लावला आणि ‘आता पडणार नाही’ म्हणाला. नाहीच पडणार! एमसीबी वायर वाचवायला असतो. वायर तीच ठेवून तो मोठा लावला, तर त्याच्या आधी वायरच जळेल. एवढं ज्याला कळत नाही त्याने लोकांच्या बाथरूममधल्या विजेला हात का लावावा?

शेवटी बाथरूमबाहेरच्या स्विचची प्लेट कडेने तपकिरी दिसली, जवळ गेल्यावर जळका वास आला. ओळखीच्या एका जुन्या वायरमनने मेन बंद करून ती उघडली. सात तारांच्या वायरीतल्या तीनच तारा टर्मिनलमध्ये होत्या, बाकीच्या मागे दुमडलेल्या. स्क्रू तांब्यावर कमी आणि इन्सुलेशनवरच जास्त आवळलेला. प्लास्टिक वितळून काळं पडलेलं आणि त्यावर आधीच्या कोणीतरी चिकटपट्टीचे दोन वेढे मारून ठेवलेले! म्हणजे जळलेलं त्याला दिसलं होतं. दिसूनही झाकलं.

आता गणित बघा. २३० व्होल्टवर हा शॉवर ३७ अँपिअर ओढतो. ढिल्या जोडणीत नुसता ०.१ ओहम रोध आला, तरी त्या एका स्क्रूपाशी १३७ वॉट उष्णता तयार होते, म्हणजे भिंतीतल्या डबीत मोठं सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. ढिली जोडणी जास्त करंट ओढत नाही, त्यामुळे एमसीबीला तिचा पत्ता लागेलच असं नाही. गळतीही नसते, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीसुद्धा (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) गप्प बसतो. माझा एमसीबी पडत होता, कारण त्याचाही स्क्रू ढिला होता आणि तो स्वतःच तापत होता.

वायरमनने वायर जळकं टोक कापून नव्याने सोलली, स्विच नवा लावला, एमसीबी परत ४० चा केला आणि सगळे स्क्रू आवळले. पाणी पहिल्यासारखं गरम! जुनी कॉइल मी टाकली नव्हती. तिचा रोध मोजला तर साधारण सव्वासहा ओहम, म्हणजे अगदी जेवढा असायला हवा तेवढा. धडधाकट कॉइल बदलायचे पैसे घेतले गेले होते, आणि हे मला अजून पचलेलं नाही.

मशीनविषयी एकच तक्रार उरलीय. आतला टर्मिनल ब्लॉक कोपऱ्यात इतका दाटीने बसवलाय की १० स्क्वेअरची (१० चौरस मिलिमीटरची) जाड वायर नीट वळवून आत घालताना कारागीर कंटाळतो, आणि कंटाळला की अर्ध्या तारा बाहेर राहतात. तिथे बोटभर जागा जास्त द्यायला काय हरकत होती? एवढ्यासाठी पाचातला एक स्टार कमी करतोय. बसवून घेणार असाल तर झाकण लावायच्या आधी वायर स्वतः ओढून बघा, आणि महिन्याभराने मेन बंद करून स्क्रू पुन्हा आवळून घ्या. तापून-निवून ते सैल होतात.