पातळ तळाची पट्ट्याची सँडल: बुटांऐवजी रोज घालण्याजोगी आहे का?

आहे, पण पट्टा नीट बसवला तरच.

या सँडलचा रबरी तळ सपाट असतो. टाच आणि चवडा एकाच पातळीवर राहतात, कमानीला उंचवटा नाही, मऊ गादी नाही. 4 मिलिमीटरच्या तळातून जमीन छान कळते, पण खडी टोचते. 10 मिलिमीटरला खडी फारशी जाणवत नाही, मात्र तळ पावलाबरोबर तितका वळत नाही. रोजच्या चालण्याला 6 मिलिमीटर घ्यावा. मापासाठी कागदावर उभं राहून पाऊल आखा. बसून आखलेलं माप हमखास अरुंद निघतं, कारण वजन पडलं की पाऊल पसरतं. बोटांपुढे 5 ते 8 मिलिमीटर पुरे. त्याहून लांब कड जिन्यावर दुमडते आणि माणूस अडखळतो.

खरी गोम पट्ट्यात आहे. तो तळाखाली गाठ मारून अंगठा आणि शेजारच्या बोटामधल्या बेचकीतून वर येतो, पावलावरून बाजूच्या भोकात जातो आणि टाचेमागून दुसऱ्या बाजूला येतो. बेचकी सोलवटली की लोक टाचेचा पट्टा आणखी आवळतात. त्याने पाऊल उलट पुढे ढकललं जातं आणि पट्टा बेचकीत जास्तच रुततो. टाचेचा पट्टा घसरणार नाही इतपतच ठेवा, पकड पावलावरच्या पट्ट्याने घ्या. नायलॉनचा पट्टा भिजला की सैल पडतो, त्यामुळे पावसाळ्यात पॉलिएस्टरचा बरा. ओल्या तळावर पाऊल घसरतं, हा दोष मात्र कुठल्याच पट्ट्याने जात नाही.

उंच टाचेच्या बुटांची सवय असेल तर सुरुवातीला पोटऱ्या भरून येतात. रोज अर्धा तास घालून हळूहळू वेळ वाढवा, पावलं आखूड टाका. चवड्यात एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल किंवा सूज असेल तर सँडल बंद करून डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. मधुमेहामुळे तळवे बधिर झालेल्यांनी ही घेऊच नये. टोचलेलं, सोललेलं त्यांना कळत नाही.

सगळ्यात आधी झिजते ती तळाखालची गाठ. जमिनीवर घासून ती सुटली की भर रस्त्यात पट्टा हातात येतो. दर आठवड्याला तळ उलटून बघा. धागे सुटलेले दिसले की पट्टा थोडा खाली ओढून नवी गाठ मारा, टोक मेणबत्तीवर वितळवून चपटं करा.