दोन्ही बाजूंनी सारखी वीण शिकवतो म्हणाले आणि माझे १०,३२९ रुपये गेले

आकडा आधीच सांगते, म्हणजे शे-दोनशे रुपयांसाठी गळा काढतेय असं कुणाला वाटायला नको. जाहिरात पाहून लावलेल्या क्रोशेच्या क्लासची फी १,४९९, लोकरीचा किट २,३५०, ऑर्डरसाठी 'परत मिळणारं' डिपॉझिट ६,०००, नमुना पाठवायचं कुरिअर ४८०. सगळे मिळून १०,३२९ रुपये, तेही तेवीस दिवसांत.

मी क्रोशे नव्याने शिकत नव्हते. अठरा वर्षं सुई हातात आहे. पण ब्लँकेटची उलट बाजू लपवता येत नाही, पांघरताना ती वर येतेच. म्हणून उठावाची आणि दोन्हीकडून सारखी दिसणारी वीण मला हवी होती. जाहिरातीत नेमकी तीच होती. चौकोन-चौकोनांची जाड वीण, शेजारी शेजारी दोन फोटो, एकावर 'सुलट' आणि दुसऱ्यावर 'उलट'. शिका, ब्लँकेट विणा, आम्हीच विकत घेतो. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, कारण पुरावा त्या फोटोतच होता. साखळी सुरू करताना दोऱ्याचं जे टोक सुटतं, ते दोन्ही फोटोंत खाली डाव्या कोपऱ्यात होतं. वीण पालटली की ते टोक उजवीकडे जातं. डावखुरी असाल तर उजवीकडून डावीकडे जाईल, पण बाजू बदलणारच. म्हणजे त्यांनी वीण पालटलीच नव्हती. सुलट बाजूचेच दोन फोटो काढून एकाला 'उलट' म्हटलं होतं. मला ते टोक दिसलं होतं हो! फोटो मोठा करून पाहिला होता, मनात आलंही होतं. आणि मीच समजूत घातली की फोटो आरशासारखा फिरला असेल. आठवलं की अजून डोकं तापतं. पैसे भरण्याआधी एकच मागा: कॅमेऱ्यासमोर वीण पालटून दाखवा. सलग व्हिडिओत, न थांबता.

क्लासमध्ये तीन धड्यांत एकदाही उलट बाजू दाखवली नाही. मी विणून पालटलं तर चौकोन एकाच बाजूला, दुसरीकडे वेगळंच, चपटं काहीतरी. विचारलं तर बाई म्हणाल्या, "ताई, तुमचा हात सुरेख आहे, फक्त थोडा घट्ट आहे. मोठी सुई घ्या." मी ४ मिलिमीटरची सुई सोडून साडेचार घेतली, मग ५. तीनदा अख्खा नमुना उसवला. ती वॅफलची वीण होती. खोल चौकोन तिच्या एकाच बाजूला पडतात, सुई कितीही बदला. जाणकार बाईला "हात घट्ट आहे" म्हटलं की ती आधी स्वतःलाच दोष देते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि खरा डाव कळला तो नमुना नाकारला तेव्हा. करारातली चौथी अट: दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसतील तर माल नाकारला जाईल आणि डिपॉझिट जप्त. म्हणजे शिकवायची अशी वीण, जी त्या अटीत बसूच शकत नाही! कुणीही विणो, कितीही नीट विणो, नापासच. त्यांना ब्लँकेटं नकोच होती. मी आळशी नव्हते, हावरीही नव्हते. मी मेहनत करून पैसे कमावायला निघाले होते.

बँकेत गेले. "मॅडम, ओटीपी तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार तुमचाच." पोलीस ठाण्यात पहिल्या टेबलावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. किट मिळाला, क्लास झाला, मग फसवणूक कसली? अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. एका साहेबांनी नमुना हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "दोन्ही बाजू चांगल्याच दिसताहेत की." पालटून, बोट ठेवून फरक दाखवला, तर घड्याळाकडे बघायला लागले. ग्राहक तक्रारीला गेले तर सांगितलं, आधी विक्रेत्याच्या पत्त्यावर नोटीस पाठवा. पावतीवर पत्ताच नाही! मग म्हणे पत्ता शोधून आणा. मी शोधायचा? चार हेलपाटे झाले, प्रत्येक ठिकाणी तेच कागद, तीच कहाणी, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर 'बाईचं विणकाम' असा भाव. फोनवरची तक्रार नोंदली गेली, तिचा नंबर आला. एवढंच. पोच हातात पडल्याशिवाय कागद सोडू नका, आणि चॅटचे फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा. तक्रार केल्यावर त्यांनी माझ्याशी झालेलं सगळं बोलणं पुसलं.

चीड याची येते की दोन्हीकडून सारखी वीण फुकट आणि सोपी आहे. साखळीवर समसंख्येचे टाके घ्या. एक मुका खांब (बुटका टाका), एक खांब (उंच टाका), असं ओळभर. वळा. आता मुक्या खांबावर खांब आणि खांबावर मुका खांब. प्रत्येक ओळ हीच. प्रत्येक ओळ सारखी असल्यामुळे उलट-सुलट असं काही राहतच नाही, आणि हाताला बारीक खडबडीत दाणा लागतो. चौकटीच हव्या असतील तर टोपलीची वीण घ्या: चार खांब खालच्या ओळीतल्या खांबाभोवती पुढून सुई घालून उचललेले, चार मागून, आणि काही ओळींनी अदलाबदल. इकडून पुढे आलेली चौकट तिकडून मागे जाते, म्हणून दोन्ही बाजू जुळतात. हे मला माहीत होतं. तरी पैसे भरले, कारण ऑर्डर मिळणार होती.

तरी नमुन्याला वितभर तरी विणाच, आणि विणल्यावर पालटा. डिपॉझिट मागणाऱ्याचं काम घेऊ नका.

परवा तीच जाहिरात दुसऱ्या नावाने पुन्हा दिसली. फी आता १,७९९. फोटो तेच दोन, आणि दोन्हींत दोऱ्याचं टोक खाली डावीकडेच.