मेसीच्या विक्रमांचा मराठी तक्ता : घ्यावा असा, पण दुरुस्त्यांसह

जूनच्या अखेरीस, विदर्भातील शाळा उघडतात त्या आठवड्यात, नागपूरच्या सीताबर्डीवरील एका क्रीडासाहित्याच्या दुकानात मी शाळेसाठी चेंडू आणि हवा भरण्याचा पंप घ्यायला गेलो होतो. तेथे लिओनेल मेसीच्या कारकिर्दीचा एक मोठा छापील तक्ता दिसला. तीन फूट उंच, दोन फूट रुंद, गुळगुळीत जाड कागद, किंमत २५० रुपये. फुटबॉलपटूंची चित्रे बाजारात पुष्कळ मिळतात. हा तक्ता मात्र मराठीत होता आणि त्यात चित्रापेक्षा मजकुराला अधिक जागा दिली होती, म्हणून मी तो घेतला. शाळेच्या क्रीडाकक्षाबाहेर तो लावून आता पाच महिने झाले आहेत. या काळात पाचवीपासून दहावीपर्यंतच्या मुलांनी तो इतक्या वेळा वाचला आणि त्यावर इतके वाद घातले, की त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

मराठी तक्त्याचे मोल नागपुरात विशेष आहे. कामठीत पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळला जातो. झोपडपट्टीतील मुलांसाठी प्रा. विजय बारसे यांनी २००१ साली उभे केलेले ‘स्लम सॉकर’ याच शहरातून वाढले. पावसाळ्यात चिखलाने भरलेल्या मैदानांवर खेळणारी आमची मुले मेसीचे नाव झोपेतही घेतील, पण त्याच्याविषयीची नेमकी माहिती त्यांना मिळते ती मोबाइलवरच्या तुकड्यांमधून, आणि तीही बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत. आपल्या भाषेत, एका नजरेत मावेल अशी मांडणी ज्याने केली त्याचे श्रम मोठे आहेत, हे आधी नोंदवतो. पुढे दाखवलेल्या चुका त्या श्रमांचा मान राखूनच दाखवल्या आहेत.

तक्त्याचा वरचा तिसरा भाग उत्तम आहे. २४ जून १९८७ रोजी अर्जेंटिनातील रोसारिओ येथे झालेला जन्म, लहानपणी वाढीच्या संप्रेरकाची कमतरता आणि तिच्यावरचे खर्चिक उपचार, डिसेंबर २०००मध्ये स्पेनच्या बार्सिलोना क्लबचे अधिकारी कार्लेस रेशाक यांनी हातरुमालाएवढ्या कागदी नॅपकिनवर लिहून दिलेला करार, १६ ऑक्टोबर २००४ रोजी एस्पान्योलविरुद्ध पहिला अधिकृत सामना आणि १ मे २००५ रोजी सहकारी रोनाल्डिनोने उचलून दिलेल्या चेंडूवर अल्बासेतेविरुद्ध केलेला पहिला गोल, हे सगळे क्रमाने आणि सोप्या भाषेत आले आहे. विशेषनामांचे मराठी लेखन बहुतेक ठिकाणी निर्दोष आहे. मुले सर्वांत जास्त वेळ थांबतात ती नॅपकिनच्या छोट्या रेखाचित्रापाशी. तो कागद २०२४मध्ये लंडनच्या लिलावात सात लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला, ही माहिती तक्त्यात नाही. मी ती तोंडी सांगितली, तेव्हा एका सहावीतल्या मुलाने स्वतःच्या वहीतले पान फाडून माझ्यापुढे सहीसाठी धरले होते.

मधला भाग विक्रमांचा आहे आणि माझी मुख्य तक्रार येथे सुरू होते. तक्त्यात ठळक अक्षरांत ‘एका वर्षात ९१ गोल’ असे छापले आहे. आकडा बरोबर आहे. २०१२ या कॅलेंडर वर्षात मेसीने बार्सिलोनासाठी ७९ आणि अर्जेंटिनासाठी १२ गोल केले आणि जर्मनीच्या गर्ड म्युलर यांचा १९७२मधील ८५ गोलांचा विक्रम मागे टाकला. परंतु शेजारच्याच चौकटीत ‘एका हंगामात ७३ गोल’ असे आहे, आणि हंगाम व कॅलेंडर वर्ष यांतला फरक कोठेही सांगितलेला नाही. युरोपातील हंगाम साधारण ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतो. ७३ गोल हे २०११-१२च्या हंगामातले, केवळ क्लबसाठीचे, ६० सामन्यांतले आहेत, आणि त्यांपैकी ५० गोल ‘ला लिगा’ या स्पेनच्या मुख्य लीगमधले आहेत. हे दोन आकडे एकमेकांत काही अंशी मिसळलेले आहेत, कारण त्या हंगामाचा उत्तरार्ध २०१२मध्येच खेळला गेला. हे स्पष्टीकरण नसल्यामुळे आमच्या आठवीच्या मुलांनी दोन्हींची बेरीज करून १६४ गोल काढले आणि तो नवा विक्रम म्हणून फळ्यावर लिहिला. चूक मुलांची नव्हती. तक्ता करणाऱ्याने एक ओळ वाचवली आणि ती सर्वांत गरजेची होती.

त्याच ९१ गोलांच्या विक्रमाबाबत आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती. २०१२च्या अखेरीस झांबियाच्या फुटबॉल संघटनेने दावा केला की गॉडफ्रे चितालू यांनी १९७२ साली १०७ गोल केले होते. ब्राझीलच्या फ्लामेंगो क्लबने झिको यांच्या १९७९मधील ८९ गोलांकडे लक्ष वेधले. चितालूंच्या आकड्याला फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने मान्यता दिली नाही, कारण त्या सामन्यांची पडताळणी करण्याजोगी नोंद तिच्याकडे नव्हती. मला हा प्रसंग मेसीच्या विक्रमाइतकाच मोलाचा वाटतो. झांबियातल्या एका खेळाडूचे गोल खरोखर झाले असतील आणि तरीही ते नोंदीअभावी जगाच्या यादीबाहेर राहिले असतील, ही शक्यता नागपूरच्या मुलाला चटकन उमगते. आमच्याकडील जुन्या स्पर्धांचे गोलफलक कोणी जपून ठेवले आहेत? मी वर्गात हा प्रश्न विचारला तेव्हा पलीकडून उत्तर आले, “सर, आपण आपली वही ठेवू.” तेव्हापासून आमच्या आंतरवर्गीय सामन्यांची नोंदवही नियमित भरली जाते.

पेले यांच्या आकड्याबाबतही असेच. तक्त्यात ‘एकाच क्लबसाठी सर्वाधिक ६७२ गोल’ असे आहे. बार्सिलोनासाठी ७७८ अधिकृत सामन्यांत ६७२ गोल हा आकडा सर्वमान्य आहे, आणि २२ डिसेंबर २०२० रोजी वायादोलिदविरुद्ध ६४४वा गोल करून मेसीने पेले यांचा ब्राझीलच्या सांतोस क्लबसाठीचा ६४३ गोलांचा विक्रम मोडला, हेही खरे. मात्र सांतोस क्लबने त्यावर हरकत घेतली होती. क्लबच्या हिशेबाने पेले यांचे गोल १०९१ होतात, कारण मैत्रीपूर्ण सामन्यांतले गोलही तो धरतो. पेले यांच्या काळात असे सामने मोठ्या संघांविरुद्ध आणि पूर्ण ताकदीने खेळले जात असत. कोणता हिशेब मानावा, याविषयी माझे मत अधिकृत सामन्यांच्या बाजूने आहे. तरीही तक्त्यावर ‘अधिकृत सामने’ हे दोन शब्द असणे आवश्यक होते. त्यांच्याशिवाय पेले यांच्यावर अन्याय होतो आणि मेसीचे काहीही वाढत नाही.

आता पुरस्कारांचा रकाना. येथे सरळ चुका आहेत. पहिली चूक ‘फिफाचा बॅलन डी’ओर – ८ वेळा’ ही. मेसीला हा पुरस्कार २००९, २०१०, २०११, २०१२, २०१५, २०१९, २०२१ आणि २०२३ असा आठ वेळा मिळाला, त्यामुळे संख्या आणि वर्षे बिनचूक आहेत. परंतु बॅलन डी’ओर हा ‘फ्रान्स फुटबॉल’ या नियतकालिकाने १९५६ साली सुरू केलेला, वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार आहे. फिफाचा त्याच्याशी संबंध २०१० ते २०१५ या सहा वर्षांपुरताच होता. मेसीच्या आठपैकी चार पुरस्कार त्या संयुक्त काळातले आहेत. फिफाचा स्वतःचा ‘द बेस्ट’ हा वेगळा पुरस्कार त्याने २०१९, २०२२ आणि २०२३ साठी जिंकला, आणि तो तक्त्यात अजिबात नाही. म्हणजे जे फिफाचे नाही ते फिफाच्या नावावर गेले आणि जे तिचे आहे ते गळाले. २०२०च्या पुढे तक्त्यात नुसती आडवी रेघ आहे. त्या वर्षी करोनामुळे बॅलन डी’ओर कोणालाच दिला गेला नाही, हे लिहिले असते तर ‘त्या वर्षी मेसी हरला का?’ हा प्रश्न मला बावीस वेळा ऐकावा लागला नसता.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. २०२२च्या विश्वचषकापुढे ‘गोल्डन बॉल’ आणि ‘गोल्डन बूट’ असे दोन्ही मान मेसीच्या नावे छापले आहेत. गोल्डन बॉल, म्हणजे स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्याला २०१४ आणि २०२२ असा दोनदा मिळाला, आणि हा मान दोनदा मिळवणारा तो एकमेव खेळाडू आहे. गोल्डन बूट, म्हणजे स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्याचा मान, मात्र फ्रान्सच्या किलियन एम्बापेचा होता : त्याचे आठ गोल, मेसीचे सात. बहुधा हा गोंधळ ‘युरोपियन गोल्डन शू’ या तिसऱ्याच पुरस्कारामुळे झाला असावा. तो युरोपातील देशोदेशीच्या लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या गोलकर्त्याला हंगामाच्या अखेरीस दिला जातो. मोठ्या पाच लीगमधील प्रत्येक गोलाला दोन गुण असतात, म्हणून मेसीच्या २०११-१२मधील ५० गोलांचे १०० गुण झाले. हा पुरस्कार त्याने सहा वेळा मिळवला आहे. बॉल, बूट आणि शू यांचा खुलासा करणारी एक लहान चौकट पुढील छपाईत द्यावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

विजेतेपदांचा भाग बराच व्यवस्थित आहे. बार्सिलोनाबरोबरच्या ३५ विजेतेपदांची फोड दिली आहे : १० ला लिगा, ७ कोपा देल रे, ८ स्पॅनिश सुपर कप, ४ चॅम्पियन्स लीग, ३ युरोपीय सुपर कप आणि ३ क्लब विश्वचषक. काही ठिकाणी ३४ हा आकडाही वाचायला मिळतो, कारण २००५च्या सुपर कपमध्ये मेसी खेळलेला नव्हता आणि काही जण तो धरत नाहीत. पॅरिस सेंट-जर्मेन क्लबबरोबरची दोन लीग विजेतेपदे आणि अमेरिकेतील इंटर मायामी क्लबचा २०२३चा लीग्ज कप अचूक नोंदवला आहे. देशासाठीच्या यादीत २००८चे बीजिंग ऑलिंपिक सुवर्ण आणि कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतील देशांची स्पर्धा) एकाच रांगेत ठेवले आहेत. ऑलिंपिकमधील पुरुषांचा फुटबॉल प्रामुख्याने २३ वर्षांखालील खेळाडूंचा असतो, म्हणून ते २००५च्या २० वर्षांखालील विश्वविजेतेपदाच्या जवळ शोभले असते. हा फार मोठा दोष नाही.

मला खरोखर खटकलेली गोष्ट निराळी आहे. तक्त्यात २००८नंतर देशाच्या रकान्यात एकदम २०२१ येते. मधली तेरा वर्षे कोरी आहेत, जणू त्या काळात काही घडलेच नाही. घडले ते असे : २०१४मध्ये ब्राझीलमधील माराकाना मैदानावरील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत मारिओ ग्योट्झेच्या गोलामुळे जर्मनीकडून पराभव, २०१५ आणि २०१६मध्ये कोपा अमेरिकेच्या अंतिम सामन्यात चिलीकडून पेनल्टी शूटआउटमध्ये लागोपाठ दोन पराभव. २०१६च्या शूटआउटमध्ये स्वतः मेसीची पेनल्टी गोलपट्टीवरून गेली आणि त्याने राष्ट्रीय संघातून निवृत्ती जाहीर केली. काही आठवड्यांतच ती मागे घेऊन तो परतला. याआधी २००७च्या कोपा अंतिम सामन्यात ब्राझीलने ३-० असे हरवले होते, ते वेगळेच. ही पाने गाळली की जुलै २०२१मध्ये त्याच माराकानावर ब्राझीलविरुद्ध १-० असा मिळवलेला विजय, १८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधील लुसैल येथे फ्रान्सशी ३-३ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर ४-२ने जिंकलेला विश्वचषक आणि २०२४ची दुसरी कोपा अमेरिका ही नुसती तीन ओळींची यादी उरते. शाळेतल्या मुलाला विजयाची यादी कोठेही मिळते. ज्या मैदानावर सात वर्षांपूर्वी विश्वचषकाच्या शेजारून मान खाली घालून जावे लागले, तेथेच देशासाठीचा पहिला मोठा चषक उचलला गेला, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते, आणि ते सांगण्याची जागा या तक्त्यात होती.

छपाईविषयी थोडे. रंग गडद आणि स्वच्छ आहेत, अक्षरे पाच-सहा फुटांवरून वाचता येतात. कागदावर लॅमिनेशन नाही, आणि नागपूरच्या हवेत ही उणीव लवकर जाणवते. पावसाळ्याच्या दमटपणात आमच्या तक्त्याच्या खालच्या दोन्ही कडा वळल्या. ज्यांना तो घरी लावायचा आहे त्यांनी उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर लावू नये. ओल्या हवेने कागद फुगतो. जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मोठे लॅमिनेशन करून मिळते. ते आणल्याच्या दिवशीच करून घ्यावे, म्हणजे पुसता येणाऱ्या पेनाने त्यावर लिहिताही येते. दुकानदाराची वागणूक मात्र मनापासून चांगली होती. गोल्डन बूटची चूक मी त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी ती लिहून घेतली, छापणाऱ्याला कळवतो म्हणाले, आणि उरलेल्या प्रतींवर त्या ओळीपुरती पांढरी पट्टी चिकटवली.

एवढे दोष सांगूनही मी हा तक्ता शाळांनी आणि क्लबांनी घ्यावा असेच म्हणेन. चुकीच्या ओळी चार-पाच आहेत आणि त्या दुरुस्त करता येतात. मराठीत याच्या तोडीचे दुसरे काही निदान मला तरी दुकानांत दिसलेले नाही. आम्ही पट्टीने मोजून २००८ आणि २०२१ यांमधल्या कोऱ्या जागेत चार बारीक ओळी आखल्या. दहावीतल्या एका मुलीने सुवाच्य अक्षरांत २०१४, २०१५ आणि २०१६ ही वर्षे, प्रतिस्पर्धी संघ आणि निकाल लिहिले. चौथी ओळ तिने २०१६मधील निवृत्ती आणि पुनरागमनासाठी वापरली, आणि २००७चा पराभव समासात उभा लिहावा लागला.