त्रिकांडाखालची लाल रेघ: दोन स्लाइड फिल्म, दोन रात्री

फिल्मवर आकाश टिपायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती आयएसओ?" म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील. मीही आधी ४०० आणि ८०० च्याच मागे लागले होते. पण डब्यावरचा आकडा दिवसाउजेडी, क्षणभराच्या एक्स्पोजरचा. शटर दहा-वीस मिनिटं उघडं राहिलं की फिल्म आळसावते. दुप्पट वेळ दिला म्हणून दुप्पट उजेड पदरात पडत नाही. शिवाय तिन्ही रंगांचे थर सारखे आळशी नसतात, त्यामुळे काळं आकाश कधी हिरवट, कधी जांभळट उतरतं.

म्हणून यंदा फुजीची प्रोव्हिया १००एफ आणि कोडॅकची एक्टाक्रोम ई१०० या दोन स्लाइड फिल्म (थेट खऱ्या रंगांत उतरणाऱ्या) समोरासमोर आणल्या. एक्टाक्रोम २०१२ मध्ये बंद पडली होती, ती २०१८ मध्ये परतली. तिची जुनी बहीण ई२०० मात्र परत आली नाही, त्याची हळहळ आहेच. निगेटिव्ह फिल्म मुद्दाम टाळली. ती चुका पोटात घालते खरी, पण शेवटी रंग स्कॅनर ठरवतो, मग परीक्षा कुणाची घेतली म्हणायची?

लागोपाठ दोन अमावास्येच्या आसपासच्या रात्री, रोज एक रोल. ५० मिमी लेन्स एफ/४ वर, ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारा ट्रॅकिंग माउंट, समोर मृग नक्षत्र. ५, १०, २०, ४० मिनिटं अशा चारच चौकटी, त्यातच सव्वा तास गेला. वहीत वेळा लिहायला लाल टॉर्च, आणि लेन्सवर दव पुसायला नव्हे, धरूच नये म्हणून गरम पट्टा.

धुऊन आलेल्या फिल्मवर लाइट टेबलवर लूप (छोटं भिंग) लावला तेव्हा खरी गंमत. प्रोव्हिया १२८ सेकंदांपर्यंत एक्स्पोजरमध्ये दुरुस्तीच मागत नाही असं फुजी सांगते, आणि २० मिनिटांनंतरही तिचं आकाश बऱ्यापैकी काळं राहिलं. मृगातला काक्षी तारा नारिंगी, राजन्य निळसर. पण मला हवा होता तेजोमेघांतल्या हायड्रोजनचा लाल, ६५६ नॅनोमीटरचा. तो एक्टाक्रोमने जास्त ठसठशीत दिला. त्रिकांडाच्या, म्हणजे मृगाच्या कमरेच्या तीन ताऱ्यांतल्या, पूर्वेकडच्या ताऱ्याखाली केसाएवढी लाल रेघ, ४० मिनिटांच्या चौकटीत अगदी स्पष्ट. आकाश मात्र निळ्याकडे झुकलेलं. मला चालतं, सगळ्यांना चालेलच असं नाही.

एक रडगाणं. ज्या लॅबला पहिला रोल दिला, त्यांच्या यंत्राला काळ्या आकाशात चौकटीची कडाच सापडली नाही. २० मिनिटांचा मृग बरोबर कमरेत कापला! तेव्हापासून रोलची पहिली चौकट उन्हातल्या भिंतीची असते आणि पाकिटावर ठळक लिहिते, "कापू नका, अख्खा रोल गुंडाळून द्या."

तेजोमेघांसाठी एक्टाक्रोम, ताऱ्यांच्या रंगांसाठी प्रोव्हिया, असं मी तूर्त ठरवलंय. एक्टाक्रोमचा दुसरा रोल एक स्टॉप पुश करायला, म्हणजे जास्त वेळ धुऊन उजळ करायला दिलाय. पाकिटावर ते वाक्य दोनदा लिहून.